मदत हवी आहे: मोठी ऑर्डर, पण ६० दिवसांची उधारी

सांगलीत मी आणि जाऊबाई घरून राजापुरी हळद विकतो. यार्डातून हळकुंडं रोखीनं आणायची, डंकावर कुटायची, चाळून पाव किलोची पाकिटं भरायची. महिन्याला ७०-८० किलो जाते, डोक्यावर कर्ज नाही.

आता पुण्याचे एक दुकानदार महिना २०० किलो मागतायत. पाकिटावर समोर नाव त्यांचं, पैसे ६० दिवसांनी. निम्मे आगाऊ मागितले तर "बघू" म्हणाले. (त्या 'बघू'चा अर्थ कळतो हो.)

उद्यम नोंदणी (सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद) आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी नाही हा कायदा माहितीये, पण पहिल्याच बोलण्यात कायदा काढायचा का? कर्ज काढणार नाही, आमच्या नावाची पाकिटंही बंद करणार नाही.

दुसऱ्याच्या नावानं माल दिलेल्यांनी सांगा: १०० किलो आणि ३० दिवस यावर अडून बसलं तर गिऱ्हाईक टिकतं का?