मदत हवी आहे: अजिंक्यपद शर्यतीआधीचे शेवटचे दहा दिवस
दहा दिवसांनी मी वयोगटाच्या अजिंक्यपद ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे. १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणे हे अंतर मला नवे नाही; तरीही सराव कमी केल्यापासून पाय हलके होण्याऐवजी जड वाटतात. खरी धास्ती मात्र पोहण्याची आहे, कारण मागच्या शर्यतीत पहिल्या बोयाजवळ (पाण्यात मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेजवळ) कुणाची तरी टाच लागून गॉगल सरकला, दम तुटला आणि पुढची काही मिनिटे मी डोके पाण्याबाहेर ठेवून कसाबसा ब्रेस्टस्ट्रोक मारत राहिलो. (तलावातल्या एकट्याच्या सरावात याची तालीम होत नाही.) अशा गर्दीत थोडे जास्त अंतर पत्करून कडेने पोहावे, की पुढच्याच्या पायांमागे राहून शक्ती वाचवावी? शिवाय शेवटच्या आठवड्यात वेग तोच ठेवून केवळ अंतर घटवणे पुरेसे ठरते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.