नदीवरून नाव पडलेले देश: नकाशात कोणते घ्यायचे?

ऐरोलीकर:
सोसायटीच्या वाचनालयात सातवी-आठवीच्या मुलांसाठी ६ फूट रुंद जगाचा नकाशा रंगवतोय. यादीत भारत, नायजर, नायजेरिया, सेनेगल, गांबिया, दोन्ही काँगो, झांबिया, जॉर्डन, पॅराग्वे, उरुग्वे आहेत. अजून कोणते? आणि नदीचं नाव देशाला चिकटतं कसं, ते मुलांना कसं सांगायचं?

खाडीकाठ, ठाणे:
बोस्निया (बोस्ना नदी) आणि मोल्दोव्हा घाला. मोल्दोव्हात हमखास घोळ होतो. ती नदी त्या देशात नाहीच, रुमानियात आहे. नाव आधी जुन्या संस्थानाला पडलं, पुढे सरहद्दी हलल्या. मुलांना पटत नसेल तर उल्हासनगर दाखवा: नाव उल्हास नदीचं, पण शहरातून वाहते वालधुनी.

भारताखाली नुसतं 'सिंधू = इंडिया' लिहू नका, टप्पे द्या. इराणी उच्चारात 'स'चा 'ह' झाला. इराणचा सम्राट पहिला दर्यावेश याच्या शिलालेखांत 'हिंदुश' येतं, पण ते सिंधूकाठच्या प्रांताचं नाव, सगळ्या देशाचं नव्हे. ग्रीकांनी तो 'ह'ही गाळला, राहिलं 'इंडोस'. सिंधू लडाखमधून पुढे पाकिस्तानात जाते, तेव्हा निळी रेघ तिथपर्यंत ओढा.

नकाशावाला, नेरुळ:
सगळीच नावं अशी शतकानुशतकं घासून आलेली नाहीत. 'नायजेरिया' हे नाव फ्लोरा शॉ या पत्रकार बाईंनी १८९७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सुचवलं. उत्तर ऱ्होडेशियाने १९६४ साली स्वतंत्र होताना सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याचं नाव सोडून झांबेझीवरून झांबिया घेतलं. उलटंही होतं: अप्पर व्होल्टाने १९८४ साली नदीचं नाव सोडलं आणि तो बुर्किना फासो झाला. मला तर हीच जोडी सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते.

आता रंगकाम. ६ फुटांत पृथ्वीचा ४०,००० किमी घेर म्हणजे विषुववृत्तावर १ सेंमीला साधारण २२० किमी. जॉर्डन नदी सुमारे २५० किमी, म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर. गांबिया देश रुंदीला १-२ मिमी, जाड मार्करने नदी काढलीत तर देशच पुसला जाईल. या दोघांना आणि बोस्ना, मोल्दोव्हाला बाजूला मोठ्या चौकटी द्या. नद्या आधी, सरहद्दी नंतर.

ऐरोलीकर:
चौकटींना जागा आहे. कॅमेरून घ्यायचा का?

खाडीकाठ, ठाणे:
घ्या. पोर्तुगीजांनी वुरी नदीला 'कोळंब्यांची नदी' म्हटलं, त्यातलं 'कामारोंइश' देशाला लागलं. पण तिथे वेगळा रंग वापरा, कारण नदीचं आजचं नाव वुरीच आहे. मुलं कॅमेरून नावाची नदी शोधत बसतील.