खनिज निधीतून घरात पैसा येईल असं काय मागावं?

कास्तकार: वणी-चंद्रपूर पट्ट्यातलं गाव, खुली कोळसा खाण 4 किलोमीटरवर. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून (खाणबाधित गावांसाठी खाणींकडून जमा होणारा पैसा) सिमेंट रस्ता, सभामंडप आणि आरओ, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करणारं यंत्र, झाला. आरओ बंद आहे. पुढच्या ग्रामसभेत काय मागायचं?

नियमवाला: हा निधी प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेनुसार खर्च होतो, तिचे जानेवारी 2024 चे नियम सोबत न्या. खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतलं गाव थेट बाधित धरतात आणि निधीचा किमान 70 टक्के हिस्सा अशाच गावांत लागायला हवा. पाणी, आरोग्य, शिक्षण, उपजीविका या प्राधान्याच्या कामांवरही किमान 70 टक्के. आधी 60 होते. रस्ते-पूल उरलेल्यात. गाव पेसात (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) असेल तर ग्रामसभेची मंजुरी लागतेच. मंडप छायाचित्रात छान दिसतो, म्हणून तो पटकन मंजूर होतो.

पाणीवाला: आरओ बंद पडण्याचं कारण बहुधा ठरलेलं. जड पाण्यानं मेंब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, चोंदतं, बदलायला पैसा नसतो, तोवर वीजबिल थकतं. प्रस्तावातच देखभालीचा खर्च, 20 लिटरच्या कॅनचा दर आणि चालवणारा बचत गट लिहा. नाहीतर मशीन येतं, पाणी येत नाही.

शेतीसाठी खाणीतून उपसलेलं पाणी मागा. खाण खोल गेली की आसपासच्या विहिरी आटतात, पण तेच पाणी खाण नाल्यात सोडते. निवळण टाकी, पाइपलाइन आणि शेततळी एवढं मागायचं. आधी सामू (पीएच), क्षार, सल्फेट तपासून घ्या. आम्लयुक्त पाणी रानात सोडलं तर जमीन जाते.

कापूसवाला: भाऊ, धूळ विसरू नका. फुटलेल्या बोंडावर काळी धूळ बसली की व्यापारी प्रत पाडतो, आणि भाव तिथंच खाली येतो. मात्र रस्त्यावर पाणी मारणं, ट्रकवर ताडपत्री बांधणं हे पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार खाणीचंच काम. त्यावर गावाचा निधी घालू देऊ नका. खाणीला दर सहा महिन्यांनी अटींचा अनुपालन अहवाल द्यावा लागतो, तो मागून वाचा.

बचतगटवाली: शिलाई मशीन मागणार असाल तर आधी शाळेच्या गणवेशाची ऑर्डर लेखी घ्या. प्रशिक्षण संपतं, काम नसतं, मग मशीन खाटेखाली. आणि आत्ताच 30-40 घरांची नोंद करून ठेवा: पाण्यावरचा खर्च, दवाखान्याचा खर्च, मजुरीचे दिवस, कापसाला मिळालेला भाव. दोन वर्षांनी त्याच घरांना पुन्हा विचारा, म्हणजे निधीतून घरात खरंच पैसा आला का ते कळेल. भूमिहीन घरं यादीत हवीतच. जमिनीचा मोबदला त्यांना मिळत नाही, शेतमजुरी मात्र जाते.