मल्टिफंक्शन टेस्टर कोणता घ्यावा? आणि लूप ४२ ओहम येतो तो का?

सत्तरी_वायरिंग
घरं आणि लहान हॉटेलं यांच्या वायरिंगसाठी मल्टिफंक्शन टेस्टर (वायरिंगच्या सगळ्या चाचण्या एकाच यंत्रात) घ्यायचा आहे. सध्या मल्टिमीटर, हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आणि टेस्ट लॅम्प आहे. घेताना नेमकं काय बघावं? दुकानदार ब्लूटूथच्या पुढे जात नाही.
दुसरं, गोव्यात वाळपईजवळच्या एका घरात उसन्या टेस्टरवर फेज-न्यूट्रल लूप (करंटच्या पूर्ण जाण्या-येण्याच्या वाटेचा अडथळा) ०.६ ओहम आणि फेज-अर्थ लूप ४२ ओहम येतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) सी-१६, म्हणजे १६ अँपियरचा. टेस्टर बिघडलाय की अर्थिंग?

चिऱ्याची_भिंत
दोन्ही ठीक असू शकतात. घराला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा असला की फॉल्टचा करंट खड्ड्यातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत जातो. त्यामुळे या ४२ मध्ये बहुतेक वाटा मातीचा. जांभ्याच्या जमिनीत असे आकडे येतातच.
आता हिशेब. २३० भागिले ४२ म्हणजे साधारण साडेपाच अँपियर. सी-१६ झटक्यात पडायची खात्री हवी तर १६० अँपियर लागतात, म्हणजे लूप १.४४ ओहमच्या आत. साडेपाच अँपियरवर तो तासाभरानेही पडणार नाही आणि फ्रिजची बॉडी तेवढा वेळ जिवंत राहील. म्हणून या घरात अर्थ फॉल्टला वाचवणारा एकटा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच). त्याचे ३० मिलिअँपियर गुणिले ४२ ओहम म्हणजे बॉडीवर सव्वा व्होल्ट, मर्यादा ५० व्होल्टची. त्या बाजूने काळजी नाही, फक्त आरसीसीबी खरंच चालतो हे मोजून बघा. त्यावरचं टेस्ट बटण आतली यंत्रणा हलते एवढंच सांगतं, किती मिलिसेकंदांत पडला ते सांगत नाही.
एक कळकळीची विनंती: आकडा सुंदर दिसावा म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका. लूप ०.६ दिसेल खरा, पण मागे न्यूट्रल तुटला की घरातली प्रत्येक धातूची बॉडी फेजवर येईल.
खड्ड्याचं मोजमाप एप्रिल-मे महिन्यात घ्या. जुलैतला आकडा खूश करतो, पण जमीन सुकली की तो उरत नाही.

फ्यूज_वायर
खरेदीचं सांगतो. टेस्टर अंगावर फुटू नये हे आधी, म्हणून मीटरजवळ काम असेल तर कॅट फोर ३०० व्होल्ट (लाइनवरून येणारे मोठे झटके सोसणारा सुरक्षा वर्ग). कंटिन्युइटी (तार सलग आहे का ही चाचणी) २०० मिलिअँपियरची आणि लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स शून्य करायची सोय असलेली. मल्टिमीटर इतका बारीक करंट सोडतो की एकाच तारेवर लटकलेलं कनेक्शनही त्याला चांगलं वाटतं. इन्सुलेशन २५०, ५०० आणि १००० व्होल्ट. लूपला नो-ट्रिप मोड, म्हणजे मोजताना आरसीसीबी पडत नाही. आरसीसीबीला त्याच्या ठरलेल्या करंटच्या अर्धी, एक आणि पाच पट, ० आणि १८० अंश (एसी लाटेच्या दोन्ही अर्ध्यांपासून सुरुवात), रॅम्प (करंट हळूहळू वाढवून कितीवर पडतो ते बघणं), शिवाय ए टाइप (डीसीचे ठोके असलेल्या गळतीलाही पडणारा). इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमुळे ए टाइप आता घराघरांत लागतो. तीन खुंट्यांचा अर्थ टेस्ट (जमिनीत खुंट्या ठोकून खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजणं) हवाच. हॉटेलांत थ्री फेज असेल तर फेज सिक्वेन्सही (तिन्ही फेजचा क्रम).
फ्लूक १६६४ एफसी इन्सुलेशन टेस्टआधी सर्किटवर उपकरण लागलेलं आहे का ते तपासतो आणि असेल तर थांबतो. ग्राहकाचा टीव्ही जाळण्यापेक्षा ते बरं. परदेशी मॉडेलसोबत बहुधा परदेशी प्लगची लीड येते. आपल्या प्लगची किंवा तीन सुट्या वायरींची लीड मागून घ्या. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबचं.

काळा_टेप
क्रम चुकवू नका: सप्लाय बंद ठेवून कंटिन्युइटी, मग इन्सुलेशन, मग सप्लाय चालू करून पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना), लूप, शेवटी आरसीसीबी.
आपल्याकडचा खरा सापळा घरचा बॅटरी इन्व्हर्टर. मेन पाडली तरी तो लाइटची सर्किटं जिवंत ठेवतो. त्याचा इनपुट-आउटपुट दोन्ही सोडवा आणि व्होल्टेज नाही याची खात्री करूनच लीड लावा. सर्ज प्रोटेक्टर, डिमर आणि एलईडीचे ड्रायव्हरही काढा, नाहीतर ५०० व्होल्टला खोटा कमी आकडा येतो किंवा ते स्वतः जातात. फेज-न्यूट्रल जोडून अर्थशी मोजा. किमान १ मेगाओहम, पण नव्या वायरिंगला १ आला तर कुठेतरी पाणी आहे असंच समजा. कौलारू घरात पावसात भिंतीतली पाइप ओली होते.
खड्डा मोजताना चिऱ्यात (जांभ्याच्या दगडात) खुंटी शिरत नसेल तर ओलं पोतं अंथरून त्यावर लोखंडी प्लेट ठेवा आणि मिठाचं पाणी ओता. लांबची खुंटी खड्ड्यापासून ३० मीटरवर, मधली साधारण साडेअठरावर. मधली तीन-तीन मीटर पुढे-मागे करून बघा. तिन्ही आकडे जवळ आले नाहीत तर लांबची आणखी लांब न्या. मोजताना मेन बंद आणि अर्थची तार खड्ड्यापासून सुटी.

सत्तरी_वायरिंग
आभार. आरसीसीबी पाच पटीला २२ मिलिसेकंदांत पडला. पण रॅम्पला ११ मिलिअँपियरवरच पडतो. बदलायचा का?

चिऱ्याची_भिंत
थांबा. पुढचे सगळे एमसीबी बंद करा आणि थेट त्याच्या आउटपुटवर परत रॅम्प घ्या. आता १८ ते २८ च्या दरम्यान पडला तर आरसीसीबी चांगला आहे, घरातली जुनी लीकेज टेस्टरच्या करंटमध्ये मिसळत होती. मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याच्यावर आकडा एकदम खाली येतो ते सर्किट धरा. न्यूट्रल-अर्थ इन्सुलेशन तिथेच आधी बघा. लोड नसतानाही १५ च्या खाली पडला तरच बदला.