मदत हवी आहे : विनामूल्य खताविषयीच्या तक्रारी

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत आवारातच तयार होते आणि सभासदांना ते कुंड्यांसाठी विनामूल्य दिले जाते. मात्र वाटपाच्या दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅप गटावर तक्रारी सुरू होतात: खतात अंड्याची टरफले आहेत, गॅलरीत चिलटे झाली, पिशवी दारापर्यंत का आणून दिली नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असे म्हणून सोडून देता आले असते. परंतु हे सारे बोल खत चाळणाऱ्या सफाई कर्मचारी मावशींना ऐकावे लागतात, जे मला अजिबात मान्य नाही.

बारीक जाळीची चाळणी आणली, सूचनाफलकावर माहिती लावली आणि तक्रारदारांना चाळणीच्या कामासाठी बोलावले. त्यांपैकी कोणीही आले नाही, हे सांगायला नकोच. वाटप बंद करणे शक्य नाही, कारण खत साठवायला जागा नाही. नाममात्र शुल्काला समितीतील काहींचा विरोध आहे.

चिलटांची तक्रार मात्र खरी असू शकते. अर्धवट कुजलेल्या खतावर चिलटे येतात आणि पावसाळ्यात ओलावा वाढल्याने खत परिपक्व व्हायला अधिक वेळ लागतो. आमच्या खताला मातीसारखा वास येतो, पण काही खड्ड्यांतील खत आतून कोमट लागते.

ज्यांनी शुल्क लावून पाहिले आहे, त्यांच्याकडे तक्रारी घटल्या की पैसे मोजल्यामुळे उलट वाढल्या? आणि खत द्यायला तयार झाले आहे, हे प्रयोगशाळेत न जाता खात्रीने कसे ठरवावे?