फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये सगळे गुणगुणतात ती चाल

पेटीमास्तर_फोंडा:
भाच्याच्या हट्टापायी एफसी गोवाची मॅच बघायला फातोर्ड्याला गेलो होतो. फुटबॉलमधलं मला गोलपलीकडे फारसं कळत नाही. पण मध्यंतरानंतर मागच्या स्टँडमधून 'ओऽ ओ ओ ओ' सुरू झालं आणि मॅचवरचं लक्षच उडालं. शब्द एकही नाही! घरी येऊन पेटीवर काढली: सा सा, कोमल ग, सा, मग मंद्रात कोमल नी, कोमल ध आणि पंचमावर मुक्काम. भाचा म्हणाला, द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन रॉक बँडचं 'सेव्हन नेशन आर्मी'. भजनांना चाली लावण्यात माझी हयात गेली, म्हणून विचारतो: ही सुचली कशी, आणि फुटबॉलवाल्यांच्या तोंडी कशी बसली?

बेसवालो_मडगाव:
मास्तर, सूर अचूक धरलेत. मी लग्नाच्या बँडमध्ये बेस गिटार (खालच्या सुरांची गिटार) वाजवतो आणि या गाण्यात बेस नाहीच! व्हाइट स्ट्राइप्समध्ये माणसं दोनच होती: जॅक व्हाइट गिटारवर, मेग व्हाइट ड्रमवर. गिटारचाच आवाज व्हॅमी पेडलने (सूर वर-खाली करणारं, पायाने चालवायचं यंत्र) एक सप्तक खाली उतरवलाय. रिसेप्शनला हे वाजवायचं म्हटलं की ती चाल कोणी घ्यायची यावरून गिटारवाल्याचं आणि माझं जुंपतं.

चाल सुचली 2002 च्या जानेवारीत, मेलबर्नच्या कॉर्नर हॉटेलात साउंडचेक चालू असताना. रेकॉर्डिंग लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या टेपवर. 2003 मध्ये 'एलिफंट' अल्बममध्ये आलं. कंपनीला आधी दुसरंच गाणं काढायचं होतं, जॅक अडून बसला. 2004 मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी.

डोक्यात का बसते म्हणाल, तर पहिला सा दीड मात्रा लांबवलाय, पुढचे सूर थोडे आडवे पडतात, तरी हिशेब आठ मात्रांचाच, म्हणजे तुमच्या केरव्याचं एक आवर्तन. आणि शेवट सा वर आणलेलाच नाही, पंचमावर लटकवून ठेवलाय. कानाला सा हवा असतो, तो मिळतो पुढच्या फेरीत. सुटकाच नाही! शिवाय ध्रुवपदाच्या जागी शब्द नाहीत, तीच चाल गिटारवर दणक्यात येते. गर्दीला घुसायला जागा आयती मोकळी. माझ्या मते खरी मेख हीच.

फुटबॉलपिसो:
बेसबाब, पुढचं माझ्याकडे. 22 ऑक्टोबर 2003. बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे पाठीराखे एसी मिलानविरुद्धच्या मॅचला मिलानमध्ये गेले होते. तिथल्या बारमध्ये हे गाणं लागलं, आणि तेच गुणगुणत मंडळी स्टेडियमवर. ब्रुगने मिलानला त्यांच्याच घरी 1-0 हरवलं!! मग काय, आपल्या मैदानावरही गोल झाला की हेच. 2006 च्या फेब्रुवारीत इटलीची रोमा टीम ब्रुगला खेळायला गेली आणि चाल इटलीला घेऊन आली. त्याच वर्षी इटलीने वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा अख्खा देश 'पो पो पो पो' करत होता.

कंटाळलेला_पणजीकर:
कान किटले. शॅकवर हेच, लग्नात हेच. त्याच अल्बममधली बाकीची गाणी कोणाला ऐकायची नाहीत. आणि स्टँडमधले निम्मे तर सुरातही नसतात.

पेटीमास्तर_फोंडा:
सुराचं खरं आहे. कोमल धैवत कोणाला लागतच नव्हता, नी वरून थेट पंचमावर उड्या! तरी चाल ओळखू येत होती, हे विशेष.

बेसबाब, पंचमाचं पटलं. गजरातही ओळ अधांतरी सोडली की टाळकरी पुढचं आवर्तन आपणहून उचलतात. आता एक सांगा, पेटीला माइक लावून आवाज त्या पेडलमधून काढला तर? दिंडीला नेणार नाही, घाबरू नका.

बेसवालो_मडगाव:
चालेल की. फक्त एका वेळी एकच पट्टी दाबा, दोन सूर एकत्र आले की माझं जुनं पेडल गोंधळतं. आणि माइक स्पीकरपासून लांब ठेवा, नाहीतर शिट्टी मारेल. पेडल माझ्याकडे आहे, पेटी घेऊन या.