मदत हवी आहे : दादाच्या दारूबद्दल सगळ्यांनी मिळून बोलावं का?

नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ रोज पितो. वहिनीने शपथा घातल्या, गळ्यात माळ घालायला लावली. चार दिवसांत पुन्हा सुरू. अमेरिकेतला भाचा म्हणतो, 'इंटरव्हेन्शन' करा. म्हणजे जवळच्या माणसांनी आधी ठरवून, तो शुद्धीत असताना समोर बसायचं, आरडाओरडा न करता आपापलं सांगायचं आणि लगेच उपचाराला चल म्हणायचं.

पण आपल्याकडे चार जण बसले की भावकीची पंचायत होते! थोरल्या काकांना बोलवावं का? ते बोलायला लागले की थांबत नाहीत. त्याच्या मुलीला बसवणं मला तरी पटत नाही.

रोज पिणाऱ्याने घरीच एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून जागा आधीच बघून ठेवतोय. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. उचलून न्यायचा विचार सोडलाय, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याला बऱ्याच अटी आहेत.

कुणी घरी असं बोलणं केलंय का? सुरुवात कुणी केली? तो उठून गेला तर पुढे काय केलंत? वहिनीसाठी अल-अनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट) मराठी बैठकांचा अनुभवही सांगा.